अडलेली कात

कात टाकणे ही सापाच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट आहे; ती अडणे मात्र नेहमीचे नाही. अंगात पुरेसे पाणी, भोवती पुरेशी ओल आणि तोंड घासायला एखादा खडबडीत दगड किंवा ओंडका एवढे मिळाले, की निरोगी सापाची कात ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघते. रानात या कामी त्याला कुणाचा हात लागत नाही. मदतीचा प्रश्न उभा राहतो तो माणसाने साप काचेच्या पेटीत आणून ठेवल्यावर. त्यामुळे अडलेल्या कातेचा विचार करताना सापाच्या त्वचेइतकाच त्या पेटीतल्या हवेचाही विचार करावा लागतो.

सापाच्या त्वचेचे दोन भाग असतात. आतली अंतस्त्वचा जिवंत, रक्तवाहिन्यांची, आणि बहुतेक रंगपेशी तिच्यातच असतात. म्हणून पडलेली कात जवळजवळ रंगहीन असते. नक्षीची फिकट छाया तेवढी तिच्यावर उमटलेली दिसते. वरची बाह्यत्वचा पेशींच्या थरांची असते आणि तिचा सर्वांत बाहेरचा भाग मृत पेशींचा असतो. त्यात केराटिन हे प्रथिन भरलेले असते. माणसाची नखे आणि केस याच प्रथिनाचे बनतात. मृत थराला वाढता येत नाही आणि झीजही भरून काढता येत नाही. साप वाढत राहतो, दगडाधोंड्यांवर घासत राहतो, आणि ठरावीक काळाने त्याचे शरीर खालून पूर्ण नवी बाह्यत्वचा तयार करून जुनी टाकून देते. माणसाचीही त्वचा झडते, पण ती रोज, कणाकणाने. पाली आणि सरडे कात टाकतात ती बहुधा तुकड्यातुकड्यांनी. साप ती एका दमात उतरवतो.

हे चक्र पॉल मॅडर्सन या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सहा अवस्थांमध्ये मांडले. पहिली अवस्था विश्रांतीची. ती संपली की बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी वेगाने विभागू लागतात आणि जुन्या त्वचेखाली नवीन पिढी थराथराने उभी राहते. काही दिवस साप दोन पूर्ण बाह्यत्वचा एकावर एक वागवत असतो. नवी पक्व होत आली की दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत लसिकेसारखा द्रव उतरतो, त्यातली विकरे जुना सांधा सैल करतात आणि जुनी त्वचा सुटी होते. या द्रवाचे पाणी येते ते सापाच्या शरीरातूनच. शरीरातच पाण्याची ओढ असेल, किंवा भोवतालची हवा जुन्या थराला आधीच वाळवून टाकत असेल, तर दोन पिढ्या एकमेकींपासून नीट सुटत नाहीत. कात अडते ती इथे. कात अडल्याचे बाहेरून दिसायला अजून आठवडा असतो, पण आत काय व्हायचे ते ठरून गेलेले असते.

बाहेरून दिसणारी पहिली खूण रंगाची. अंगाची चमक जाते, नक्षी मळकट होते, काही सापांत पोटाकडचे खवले गुलाबीसर दिसू लागतात. मग डोळे दुधी-निळसर होतात. सापाला उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतात. गर्भावस्थेतच त्या जुळून डोळ्यावर एक पारदर्शक खवला तयार होतो आणि कात टाकताना त्याचाही बाहेरचा थर निघून येतो. त्वचेच्या दोन पिढ्यांमध्ये जो द्रव उतरतो तोच या खवल्यातही उतरल्याने डोळा धुरकटतो. या दिवसांत सापाला अंधुक दिसते. तो आडोशाला बसतो, बहुधा खात नाही, आणि एरवी शांत असलेला सापही चटकन दंश करू पाहतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात. पहिल्यांदाच साप पाळणाऱ्याला वाटते की कात टाकण्याचा बेत रहित झाला. खरे तर कात निघण्याची वेळ आता जवळ आलेली असते. डोळे धुरकटल्यापासून कात पडेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात.

मग साप नाकाडाची कड आणि ओठ खडबडीत वस्तूवर घासू लागतो. या वेळी डोक्यातल्या शिरांमधून परत जाणारे रक्त काही काळ अडवून धरून तो डोके किंचित फुगवू शकतो. ही स्नायूंची यंत्रणा ब्रूनर या संशोधकांनी १९०७ मध्येच वर्णन करून ठेवली आहे. ओठांवरची जुनी त्वचा फाटते, मागे दुमडते, कुठेतरी अडकते आणि साप तिच्यातून पुढे सरकत जातो. निघालेल्या कातेची आतली बाजू बाहेर आलेली असते. खवल्यांमधल्या घड्या उलगडून ताणल्या जातात, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते. कात मोजून सापाची लांबी सांगणारे त्यामुळेच फसतात. सगळे सुरळीत असले तर हे शेवटचे काम काही मिनिटांत किंवा फार तर तासाभरात आटोपते.

कात अजिबात मागे राहू नये असे मात्र सगळ्या सापांत नाही. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या शेपटीचे टोक प्रत्येक कातेच्या वेळी अंगावरच राहते आणि आधीच्या कड्याला नवे कडे जोडले जाते. त्याचा खुळखुळा अशा न पडलेल्या टोकांचाच बनतो. वर्षाला एकाहून अधिक कडी वाढतात आणि जुनी तुटतही असतात, म्हणून कडी मोजून वय कळत नाही. या एका कुळाने उरलेल्या कातेचा उपयोग करून घेतला. बाकीच्या सापांच्या शेपटीवर तेच कडे राहिले तर ते घातक ठरते.

पाळीव सापांमध्ये कात अडण्याची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते ती बॉल पायथनबाबत. ब्रिटनमध्ये याला रॉयल पायथन म्हणतात. जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये या अजगराचे शास्त्रीय वर्णन केले. मीटर-सव्वा मीटर लांबीचा, जाड अंगाचा, बिनविषारी आणि भ्याल्यावर डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करणारा हा साप अमेरिका आणि युरोपातल्या घरांत फार मोठ्या संख्येने पाळला जातो. चांगली निगा राखली तर तो तीस वर्षेही जगतो. मूळचा तो सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. गवताळ माळ, विरळ झाडी आणि शेतांच्या कडा ही त्याची वस्ती. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याची निर्यात होते. बेनिनमधल्या विदा या गावात मात्र त्याला पवित्र मानतात आणि तिथे त्याचे देऊळही आहे.

माळावरचा साप म्हटला की तो कोरड्या हवेला सरावलेला असणार असे वाटते, आणि घरातली पेटी मांडताना हाच अंदाज घात करतो. त्या प्रदेशात कोरडा ऋतू महिनोन्‌महिने चालतो हे खरे, पण बॉल पायथन दिवसभर उघड्या माळावर नसतोच. तो उंदरा-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून असतो. वर गवत करपलेले असले तरी जमिनीखालची ती पोकळी दमट राहते. वाळवीचे अंग नाजूक असते, तिला ओल सोडून जगता येत नाही, म्हणून ती वारुळाच्या आतली हवा ओलसर राखते. साप त्या ओलाव्याचा आयता भाडेकरू होतो.

वारूळ आणि कात यांचे हे नाते भारतीयांनीही फार पूर्वी पाहून ठेवले आहे. बृहदारण्यक उपनिषदात आत्म्याने सोडलेल्या देहासाठी वारुळावर पडलेल्या सापाच्या निर्जीव कातेचा दृष्टांत आला आहे. तिथे विषय मोक्षाचा आहे, पण दृष्टांतामागचे निरीक्षण निसर्गाचे आहे आणि अचूक आहे. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्या गावांनाही साप कुठे राहतो हे ठाऊक असते. तिथली ओल सापाच्या काय कामाची असते, हे मात्र काचेच्या पेटीत त्याची कात अडली तेव्हा माणसाला कळू लागले.

पेटीत काय घडते ते साध्या गणिताने समजते. २२ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीतल्या हवेची आर्द्रता ५० टक्के असेल आणि पेटीतल्या दिव्याने तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर हवेतले पाणी तेवढेच राहते, पण आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. तापलेली हवा अधिक पाणी मागते आणि ते जिथे सापडेल तिथून, म्हणजे सापाच्या अंगातूनही, घेऊ लागते. थंड देशांच्या हिवाळ्यात ही अडचण आणखी वाढते. बाहेरची उणे ५ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. त्यातच पेटीचे झाकण जाळीचे असले तर उरलेली वाफही वर निघून जाते. सापाची त्वचा एरवी पाणी चांगले धरून ठेवते. तिच्यातला एक पातळ, स्निग्ध थर त्यासाठीच असतो. मात्र कात टाकण्याच्या सुमारास ही राखण ढिली पडते आणि अंगातून एरवीपेक्षा जास्त पाणी जाते. पाण्याची गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच ते गळतही असते.

कोरडी हवा हे पहिले कारण, पण एकमेव नव्हे. पिण्याचे भांडे रिकामे राहणे, पेटी फार थंड असणे, खाणे अपुरे असणे आणि घासायला खडबडीत वस्तू नसणे ही कारणे पाळणाऱ्याच्या हातातली आहेत. दूरवरून आणलेला साप प्रवासात सुकलेला असतो आणि नव्या घरातली त्याची पहिली कात बऱ्याचदा तुकड्यांनी निघते. जुन्या जखमेच्या किंवा भाजल्याच्या व्रणावर नवी त्वचा नीट थर धरत नाही, तिथे कात दर वेळी चिकटते. पेटीत ठेवलेल्या विजेच्या गरम दगडावर पोट टेकून साप भाजल्याच्या घटना पशुवैद्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत. याखेरीज माइट नावाचे, कोळ्यांच्या कुळातले बारीक परजीवी खवल्यांच्या खाली आणि डोळ्यांच्या कडेला राहून रक्त पितात. त्यांनी त्रस्त झालेला साप वारंवार आणि अपुरी कात टाकतो. त्वचेचा जंतुसंसर्ग किंवा आतल्या अवयवाचा आजारही अडलेल्या कातेच्या रूपाने प्रथम दिसू शकतो.

कात कुठे अडली यावर धोका ठरतो. पाठीवर दोन-चार फाटके तुकडे राहिले तर ते दिसायला वाईट, पण तातडीचे नसतात. नाकपुड्यांवर राहिलेला तुकडा श्वासाला अडथळा करतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेला उष्णता ओळखणारे खळगे असतात. त्यांत कात साचली तर सापाला भक्ष्याचा माग नीट लागत नाही. सर्वांत जपायच्या जागा दोन, शेपटीचे टोक आणि डोळे. शेपटीभोवती राहिलेले कडे वाळताना आकसते. बोटाला घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्याने जे होते तेच त्या टोकाचे होते. रक्तपुरवठा तुटतो, टोक काळे पडते, सुकते आणि गळून जाते. हे दुखणे साप ओरडून सांगत नाही, चेहऱ्यावर दाखवत नाही. म्हणून कात पडल्यावर शेपटीकडे पाहणे हा पाळणाऱ्याचा नेम असावा लागतो.

मदतीची सुरुवात हात न लावण्यापासून होते. डोळे धुरकट असताना साप उचलू नये, त्याला भरवण्याचा आग्रह धरू नये, आणि अजून न सुटलेली कात ओढून पाहण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. त्या दिवसांत जुन्या त्वचेखालची नवी त्वचा कोवळी असते. जबरदस्तीने ओढल्यास तीही फाटते आणि जखमेतून संसर्ग होतो. या काळात करायचे ते सगळे सापाच्या भोवती करायचे असते. बॉल पायथनच्या पेटीत एरवी ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवली जाते. डोळे धुरकटताच ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत नेतात. त्यासाठी अंदाज कामाचा नाही, आर्द्रतामापक लागतो, आणि तो साप बसतो त्या उंचीवर असावा लागतो. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग झाकणे, पाण्याचे मोठे भांडे उबदार बाजूला सरकवणे, तळाला लाकडाच्या कोरड्या भुश्याऐवजी कोकोपीट घालणे, यांनी बराच फरक पडतो. नारळाच्या काथ्यापासून बनणारे हे कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते.

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे ओली खोपटी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, त्याला साप आत जाईल एवढे गुळगुळीत कडांचे भोक पाडायचे आणि आत स्फॅग्नम शेवाळ ओले करून, घट्ट पिळून भरायचे. डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला की आतली हवा वारुळातल्यासारखी होते. बाकीची पेटी त्यामानाने कोरडी राहते, आणि कुठे बसायचे ते सापाला स्वतः ठरवता येते. हा निवडीचा भाग महत्त्वाचा आहे. सगळी पेटीच भिजवून ठेवली तर बुरशी धरते, आणि सतत ओल्या तळावर पडून राहणाऱ्या सापाच्या पोटाचे खवले फोड येऊन कुजू लागतात. सापाला दमट हवा हवी असते, चिखल नको असतो.

एवढे करूनही कात अर्धवट राहिली तर लगेच चिमटा शोधू नये. ओली खोपटी देऊन एक-दोन दिवस थांबले तर कित्येक साप उरलेले तुकडे स्वतःच घासून काढतात. नाही निघाले, तर भिजवणे हा पुढचा उपाय. हवेसाठी भोके असलेल्या झाकणाच्या टबात सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकेच पाणी घ्यायचे, म्हणजे त्याला डोके वर ठेवण्यासाठी धडपडावे लागत नाही. पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे आणि ते तापमापकाने पाहावे. माणसाच्या हाताला सुखद वाटणारे ऊन पाणी सापाला घातक ठरू शकते. वीस मिनिटे ते अर्धा तास पुरतो. त्या वेळात टबाजवळून हलू नये, कारण अशक्त साप उथळ पाण्यातही बुडतो. भिजवून झाल्यावर पाण्याच्या तळाशी काळे बारीक ठिपके दिसले तर माइट असल्याचा संशय धरावा. तसे असेल तर कात अडण्याचे कारणही सापडले.

पाण्यात ठेवल्याने अस्वस्थ होणाऱ्या सापासाठी ओल्या टॉवेलचा उपाय सौम्य असतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले टॉवेल डब्यात सैल गोळा करून ठेवायचे आणि साप त्यांतून हिंडू द्यायचा. घड्यांतून सरकताना मऊ झालेली कात आपोआप सुटते. दुसरी रीत म्हणजे ओला टॉवेल हातात सैल धरून त्यातून सापाला पुढे जाऊ देणे. इथेही ओढण्याचे काम साप करतो, माणसाचा हात फक्त खडबडीत दगडाची जागा घेतो. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे असावी, कारण खवले त्याच दिशेने एकावर एक रचलेले असतात. उलटे घासले तर ते उचकटतात. शेपटीचे कडे भिजून मऊ झाले की ओल्या कापसात धरून टोकाकडे हलकेच फिरवत न्यावे. तेवढ्याने न सुटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावे. एका बैठकीत काम संपवायचा हट्ट करणाऱ्याच्या हातून शेपटीचे कातडेही सोलून येते.

डोळ्यांबाबत मात्र घरगुती हुशारी बाजूला ठेवलेली बरी. आधी कात खरोखरच राहिली आहे का ते तपासावे. पडलेली कात ओलसर असतानाच उलगडून डोक्याचा भाग उजेडात धरला, तर डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ घुमट दिसतात. ते असतील तर डोळे मोकळे आहेत. एक नसेल आणि त्या बाजूचा डोळा सुरकुतलेला, मळकट दिसत असेल, तर तिथे कात राहिली आहे. नुसती खळी पडलेला डोळा बऱ्याचदा शरीरातले पाणी कमी झाल्याचे सांगतो आणि पाणी मिळाल्यावर भरून येतो. टम्म फुगलेला डोळा हे आणखी निराळे दुखणे असते. पारदर्शक खवल्याच्या मागचे अश्रू एका बारीक नळीने तोंडाच्या आत उतरतात. ती नळी तुंबली की द्रव साचतो, आणि त्यात संसर्ग झाला की पू होतो. या तिन्हींत फरक न करता चिमटा, नख किंवा चिकटपट्टी वापरली, तर जुन्या थराबरोबर खालचा जिवंत खवलाही निघून येऊ शकतो. हा खवला जिवंत असतो हे काही अलंकारिक बोलणे नव्हे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले संशोधक केव्हिन व्हॅन डॉर्न आणि जेकब सिवाक यांनी २०१३ मध्ये त्यातल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कात टाकण्याच्या काळात तिथला रक्तप्रवाह जोरदार आणि अखंड असल्याचे त्यांना आढळले. तो खवला गेला तर पापण्या नसलेला डोळा उघडा पडतो, सुकतो आणि बहुधा कायमचा जातो. डोळ्यावर राहिलेली कात मात्र पुढच्या खेपेला, आर्द्रता नीट राखल्यास, बहुतेक वेळा नव्या कातेबरोबर निघून येते. धीर धरण्यात तोटा थोडा आणि घाई करण्यात डोळ्याचे मोल, असा हा हिशेब आहे.

काही परिस्थितींत मात्र वाट पाहणे चूक ठरते. शेपटीचे टोक काळपटले असेल, डोळा फुगला असेल, त्वचेवर फोड किंवा जखमा असतील, साप तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा डोळ्यावर लागोपाठ दोन कातांचे थर साचले असतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यालाच दाखवावे. आर्द्रता, तापमान आणि पाणी ठीक असूनही दोन खेपा कात अडली तर कारण आजारात शोधावे लागते. अशा वेळी पाळणाऱ्याने ठेवलेली टिपणवही फार उपयोगी पडते. डोळे कधी धुरकटले, कात कधी पडली, अखंड की तुकड्यांनी, मधल्या काळात खाणे कधी झाले, वजन किती, एवढ्या नोंदी पशुवैद्याला निम्मे उत्तर देऊन जातात. खोबरेल किंवा इतर तेल चोळण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो टाळावा. तेलाने त्वचेच्या दोन पिढ्यांमधला सांधा सुटत नाही, उलट खवल्यांवर धूळ आणि भुसा चिकटून बसतो.

या सगळ्या खटाटोपात माणसाच्या वाट्याला एक वेगळा अनुभव येतो. कुत्र्याच्या पायातला काटा काढला तर तो शेपटी हलवतो, मांजर अंगाला अंग घासते. साप यांपैकी काहीच करत नाही. मदत करणारा हात त्याच्या दृष्टीने मोठ्या प्राण्याचा हात असतो आणि त्यातून सुटणे एवढेच त्याला कळते. त्यामुळे सापाची निगा ही पूर्णपणे एकतर्फी राहते. आपण प्रेमळ आहोत हे सिद्ध करण्याची तिच्यात सोयच नसते. ज्याला जवळ घेतल्याने बरे वाटत नाही अशा जिवाचे भले करायचे तर त्याला काय हवे ते आधी शिकावे लागते, आणि शिकल्यावर बहुतेक वेळा दूर उभे राहावे लागते. उबदार कोपरा, ओला डबा, भरलेले भांडे आणि अंधार एवढे देऊन माणूस मागे सरला की उरलेले काम साप करतो.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. भारतातला कोणताही साप, मग तो धामण असो, दिवड असो की अजगर, घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अशा प्राण्यांचा ताबा असणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार सरकारी नोंदणी करावी लागते. तरीही चोरट्या मार्गाने आणलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानात सापडले आहेत. असा साप उपाशी, तहानलेला आणि कोंडलेला येतो, म्हणजे कात अडण्याची सगळी तयारी घेऊनच येतो. कोकणातल्या पावसाळी हवेत त्याचे कदाचित निभेल, पण विदर्भाच्या मे महिन्यात किंवा शहरातल्या वातानुकूलित खोलीत निभणार नाही. आपल्या अंगणात किंवा घरात धुरकट डोळ्यांचा साप दिसला, तर तो आंधळा झाला आहे असे समजून त्याच्या जवळ जाऊ नये. तो कातेच्या बेतात असतो, त्याला नीट दिसत नाही, म्हणूनच तो लवकर चावू शकतो. अंतर राखून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवणे हीच त्याला खरी मदत.

जिथे कायद्याने साप पाळता येतो तिथेही पाळणाऱ्याची परीक्षा दर कातेला होते. कात हातात घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात: ती अखंड आहे का, दोन्ही डोळ्यांचे घुमट तिच्यात आहेत का, आणि शेपटीचे टोक बंद आहे का. तिन्ही असतील तर पेटीतली हवा, पाणी आणि ऊब सापाला मानवली आहे. एखादे वेळी कात अडली तर वर सांगितलेल्या रीतीने ती सोडवता येते, आणि ती रीत येणे पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पण दर खेपेला माणसाचा हात लागत असेल, तर ते निगा चांगली असल्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी कात सोलण्यात हात बसवण्यापेक्षा पेटी बदलावी, आणि ते जमणार नसेल तर साप पाळू नये.